वेढ्यातल्या शहरात बसून वावर विकत घेणारा यिर्मया

बायबलमधे एका शेताच्या खरेदीचा पूर्ण व्यवहार लिहून ठेवलाय, म्हणजे कोणी विकलं, किती चांदी मोजली, साक्षीदार होते का, कागद कुठं ठेवला, सगळं. यिर्मया, अध्याय 32. स्तोत्र 23 वर मी लहानपणापासून कितीतरी उपदेश ऐकले पण या अध्यायावर फार कमी, आणि मागच्या काही हंगामांत मला जर कशानं धरून ठेवलं असेल तर याच अध्यायानं. म्हणून आज त्याच्यावरच लिहिते, जरा लांबेल, सवडीनं वाचा.

तर तेव्हा परिस्थिती अशी होती की बाबेलच्या राजाचं, नबुखद्नेस्सरचं सैन्य यरुशलेमला वेढा घालून बसलं होतं. शहरात उपासमार, रोगराई. आणि यिर्मया संदेष्टा स्वतः कैदेत, पहारेकऱ्यांच्या चौकात, कारण त्यानं आपल्याच राजाला, यहूदाच्या राजाला, तोंडावर सांगितलं होतं की हे शहर पडणार. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत तू विकत घे, तुझा हक्क पहिला आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तसंच होतं, जमीन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातेवाईकानं ती सोडवून घ्यायची. अनाथोथ म्हणजे यरुशलेमपासून तासा-दीड तासाच्या पायवाटेवरचं गाव, यिर्मयाचं स्वतःचं गाव. आता शहराच्या चारी बाजूंनी शत्रूच्या छावण्या पडल्यावर त्या गावच्या शेताला काय भाव असणार तुम्हीच सांगा. आपल्याकडे कोणी असं वावर फुकट दिलं तरी घेणार नाही.

यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, म्हणजे आजच्या हिशोबानं साधारण दोनशे ग्रॅम. खरेदीखत लिहितो, मोहर लावतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि बारूखला, म्हणजे त्याच्या लेखनिकाला, सगळ्यांच्या देखत सांगतो की हे दोन्ही कागद, मोहर लावलेला आणि उघडा, मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण देव म्हणाला होता की या देशात लोक पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतील.

मला सगळ्यात जास्त भिडतं ते याच्या पुढचं. सह्या झाल्या, कागद मडक्यात गेला, आणि मग यिर्मया प्रार्थना करायला बसतो आणि त्या प्रार्थनेत आधी देवाची स्तुती करतो, तुला काही अशक्य नाही म्हणतो, आणि शेवटी बोलूनच टाकतो की हे बघ वेढ्याचे मोर्चे शहराला भिडलेत, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या हाती गेल्यातच जमा आहे, आणि तू मला सांगतोस शेत घे, साक्षीदार बोलव! म्हणजे त्याला कळत नव्हतं. पैसे देऊन झाल्यावरही कळत नव्हतं. समजलं म्हणून त्यानं घेतलं असं नाही, सांगितलं म्हणून घेतलं आणि मग विचारलं.

आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, हे सगळं फार लांबचं वाटत नाही. कोरडवाहू जमीन, एक विहीर जी मार्चमधे तळ दाखवते. मृगात आभाळ भरून येतं, सगळे पेरतात, मग पंधरा-वीस दिवस उघाड आणि उगवलेलं कोमेजून जातं. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि ते बरोबरच आहे पण शेजारच्याचं वावर पेरून झालं की माणसाला धीर निघत नाही. मग दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याची बॅग, पुन्हा कृषी केंद्रात उधारी. 2017 तर आमच्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही, त्या पावसाळ्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले, आणि मग जी पऱ्हाटी वाचली तिला गुलाबी बोंडअळी लागली, वरून बोंड हिरवंगार आणि आतून खाल्लेलं. आम्ही त्या वर्षी उभ्या पिकात ढोरं सोडली.

त्यानंतर कोरोनात मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेले. मग एक वर्ष सोयाबीन शेंगा भरायच्या वेळीच पिवळं पडलं. पुढच्या वर्षी पीक बरं आलं तर भाव नाही, 2024-25 चा हमीभाव 4892 होता पण आमचा माल गेला चार हजाराच्या आसपास, कारण ओलावा जास्त आहे म्हणून खरेदी केंद्रावरून गाडी परत आली आणि उधारीवाला दारात उभा होता. हे सगळं मी रडगाणं म्हणून सांगत नाहीये, इथं ज्याच्या घरी जाल तिथं हेच ऐकाल. सांगायचं कारण असं की जेव्हा कोणी म्हणतं "आशा ठेवा" तेव्हा ते कुठल्या जमिनीवर उभं राहून म्हणायचं ते आधी स्पष्ट पाहिजे.

मधे आमच्या तालुक्याला एका मोठ्या मंडपात सभा झाली होती, बाहेरून आलेले प्रचारक होते. त्यांनी सांगितलं की विश्वासानं बी पेरा, म्हणजे दानपेटीत टाका, देव शंभरपट देईल, आणि ज्यांना मिळत नाही त्यांच्या विश्वासात कुठंतरी खोट आहे. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, तिनं पदराची गाठ सोडली आणि जे होतं ते टाकलं. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही. कारण हीच गोष्ट बायबलमधल्या ईयोबाच्या, सगळं गमावून बसलेल्या त्या माणसाच्या, मित्रांनी केली होती. ते तिघं आले तेव्हा आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, तेवढंच त्यांनी चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि म्हणायला लागले तुझंच काहीतरी पाप असेल. पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर. वाचून बघा, अध्याय 42.

म्हणून मी आमच्या बायकांना नेहमी सांगते की रडायचं तर देवासमोर रडा, भांडायचं तर त्याच्याशी भांडा, त्याला चालतं. स्तोत्रांमधे कितीतरी स्तोत्रं नुसत्या तक्रारीचीच आहेत, "किती वेळ, परमेश्वरा, किती वेळ". स्वतः प्रभू येशूनं वधस्तंभावर स्तोत्र 22 मधलंच वाक्य ओरडून म्हटलं, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. ज्याला आपण देवाचा पुत्र मानतो तो जर हे म्हणू शकतो तर पेरणी दुसऱ्यांदा मोडलेली माझ्यासारखी बाई का नाही म्हणू शकत.

हबक्कूक संदेष्ट्याचंही तसंच. त्याच्या पुस्तकाची सुरुवातच तक्रारीनं होते की मी किती ओरडू आणि तू ऐकणार नाहीस. आणि शेवट कुठं होतो, तर अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात ढोरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मामाजी हे वाचताना आपल्याकडचं घालून वाचायचे. सकाळच्या प्रार्थनेत, पायात वहाण नाही, खांद्यावर दुपट्टा, आणि जोरात म्हणायचे, "पऱ्हाटीले बोंड नाही, सोयाबीनले शेंग नाही, तुरीवर मर रोग, हिरीत पाणी नाही, गोठा रिकामा, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन." लग्न होऊन नवी आली तेव्हा मला ते विचित्र वाटायचं, वचनात असा बदल करतात का म्हणून. एकदा विचारलं तर म्हणाले, "सुनबाई, त्या हबक्कूकनं त्याच्या वावरात जे दिसलं थे सांगतलं. आपण आपल्या वावरातलं सांगाचं. देवाले दोनी समजते." मामाजींना उपदेश शिकवला होता तो जुन्या पाळकसाहेबांनी, जे यवतमाळच्या बायबल सेमिनरीत शिकलेले, ती सेमिनरी 1983 ला पुण्याला गेली आणि आता आमच्या मुलांना तर खरंही वाटत नाही की आंध्र, केरळ, पार नागालँडपासून पोरं शिकायला आपल्या यवतमाळला यायची.

त्या वचनात एक गोष्ट बघा, "तरी" हा शब्द आहे, "कारण" नाही. पीक आलं म्हणून आनंद करीन असं तो म्हणत नाही, आणि पुढच्या वर्षी येईल म्हणून करीन असंही नाही. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. आपण आशा म्हणजे अंदाज समजतो, पाऊस पडेल, भाव येईल, सगळं ठीक होईल. अंदाज चुकतो आणि चुकला की माणूस मोडतो, कारण त्याची सगळी आशा त्या अंदाजावरच उभी होती. ख्रिस्ती माणसाची आशा अंदाजावर नाही, ती एका माणसावर आहे जो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. आणि उठला तेव्हाही हातावरचे खिळ्यांचे वण तसेच होते, त्याच्या शिष्याला, थोमाला, त्यानं तेच दाखवले. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो. जखमा पुसल्या नाहीत, तरी तो जिवंत होता.

आता थोडं अवघड लिहिते. आमच्या पंचक्रोशीत असं गाव नाही जिथं कोणी कर्जापायी किंवा नापिकीपायी जीव दिला नाही. आमच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमधल्या लोकांतही, झालंय. तेव्हा काही लोकांनी कुजबूज केली की विश्वासणारा असून असं कसं, आणि मला तेव्हा एलीया आठवला. 1 राजे 19. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवणारा, आणि दुसऱ्याच अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीनं पळून रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा, आता पुरे, माझा जीव घे. आता देवानं काय केलं ते नीट बघा. त्याला झापलं नाही, विश्वास कमी आहे म्हटलं नाही, वचनही ऐकवलं नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूतानं हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाल्लं, पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा भाकर, आणि सांगितलं, खा, तुझी वाट लांबची आहे. बोलणं, प्रश्न विचारणं, कामाला लावणं, ते सगळं नंतर, होरेब डोंगरावर. आधी भाकर आणि झोप.

मला वाटतं प्रत्येक मंडळीनं हे शिकून घ्यावं. कोणी घरात गप्प गप्प राहतोय, जेवत नाही, रात्री वावरात एकटाच जाऊन बसतो, हिशोबाचे कागद काढून देऊन टाकतो, तर त्याला आधी वचन नका पाठवू व्हॉट्सॲपवर, त्याच्या घरी जा, डबा घेऊन जा, त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीचं औषध घरातून उचलून दुसरीकडे ठेवा. आणि मन खचलेल्यांशी बोलण्यासाठी सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे 14416, फुकट आहे, रात्रीबेरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर आमच्या चर्चच्या नोटीस बोर्डवर मी खडूनं लिहून ठेवलाय आणि पुसला गेला की परत लिहिते. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास नाही हो, विदर्भात मिशनवाल्यांनी दवाखानेही काढले होते, आमच्या जिल्ह्यातलं उमरीचं घ्या, प्रार्थना आणि औषध एकाच छपराखाली असायचं.

हे लिहिताना पंडिता रमाबाईंची आठवण येते. आपण त्यांना पुण्या-केडगावच्या समजतो, पण 1896-97 च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात आल्या होत्या आणि उपाशी मरणाऱ्या शेकडो मुलींना आणि विधवांना सोबत घेऊन गेल्या. त्या का आल्या असतील याचा विचार केला तर त्यांचं आधीचं आयुष्य बघावं लागतं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, अन्नाशिवाय भटकत. राहिला एक भाऊ, तोही 1880 ला गेला. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्यानं गेला, कडेवर लहान मुलगी. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1883 चा, इंग्लंडमधे. म्हणजे या बाईनं भूक स्वतः भोगली होती, आणि जेव्हा दुष्काळ परत आला तेव्हा त्या लांब पळाल्या नाहीत, तिकडेच निघाल्या. पुढे 1921 मधे ती एकुलती एक लेक मनोरमा, जी सगळं काम सांभाळणार होती, तीही गेली. तेव्हा रमाबाई बायबलचं साध्या बायकांना समजेल अशा मराठीत भाषांतर करत होत्या, कित्येक वर्षांचं काम, आणि लेक गेल्यावरही ते सोडलं नाही. एप्रिल 1922 मधे स्वतः गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं 1924 ला, ते त्यांनी पाहिलं नाही.

यिर्मयानंही ते शेत कधी वाहिलं नाही. हे मला खूप उशिरा लक्षात आलं. खरेदीनंतर साधारण वर्षभरात, इ.स.पूर्व 586 च्या सुमारास, यरुशलेम पडलं, मंदिर जाळलं, लोकांना बाबेलला नेलं. यिर्मयाला तर त्याच्याच लोकांनी त्याच्या मनाविरुद्ध मिसरात ओढत नेलं आणि तो परत आल्याचं बायबलमधे कुठंच नाही. सतरा शेकेल गेले म्हणा ना. पण एज्राचं पुस्तक उघडा, अध्याय 2. पन्नास वर्षं होत आली तेव्हा पारसाच्या राजानं, कोरेशानं, यहुद्यांना परत जायची परवानगी दिली आणि परत आलेल्यांची यादी तिथं आहे, गावावार, कुळावार, नुसती नावं आणि आकडे, आपण तो अध्याय वाचायचा कंटाळा करतो. त्यात 23 वी ओळ, अनाथोथचे लोक, एकशे अठ्ठावीस.

एकशे अठ्ठावीस जण यिर्मयाच्या गावी परत आले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चूल सोडून बाहेर येऊन आमच्या यांना सांगितलं, ते डवऱ्याचा पास नीट करत होते, म्हणाले, "अन् त्याइच्यापाशी सातबारा होता म्हण." हो, होता. मडक्यात.

तेव्हापासून मी पेरणीकडे वेगळं बघायला लागले. पेरणी म्हणजे पीक येईलच अशी खात्री असं मला वाटत नाही आता. आम्ही पेरतो कारण ही जमीन देवाची आहे आणि आम्हाला वाहायला दिली आहे, आणि जे पेरायचं ते नीट, हिशोबानं, पावसाची वाट बघून, माती तपासून, अर्धी पऱ्हाटी अर्धी तूर-सोयाबीन असं वाटून पेरायचं, कारण आशा आहे म्हणजे अक्कल गहाण टाकली असं नाही. यिर्मयानंही चांदी तोलून दिली, साक्षीदार घेतले, कागदाच्या दोन प्रती केल्या. नवस बोलल्यासारखं नव्हतं ते.

आणि एकटीनं हे होत नाही. मामाजी गेले त्या वर्षी माझ्या तोंडून प्रार्थनाच निघत नव्हती, चर्चमधे जायची, गीताचं पुस्तक उघडायची आणि नुसती उभी राहायची. बाकीच्या बायका गात होत्या. मला कोणी काही विचारलं नाही, पण बुधवारच्या घरसभेत प्रत्येक वेळी कोणी ना कोणी माझं नाव घेऊन प्रार्थना करायचं, माझ्या वाट्याची प्रार्थना त्याच करत होत्या असं म्हणा. त्याच वर्षी कापणीचा सण आला. आमच्याकडे त्या दिवशी जो तो आपल्या वावरातलं आणतो, वेदीसमोर मांडतो आणि उपासनेनंतर लिलाव होतो, एरवी सोयाबीनची पोती, कापूस, केळीचे घड, कोंबड्या अशी रेलचेल असते. त्या वर्षी टेबलावर आंबाडीच्या जुड्या, दोन कोहळी, अंडी, एक पायली ज्वारी आणि कोणीतरी आणलेल्या कडुलिंबाच्या काड्या. पाळकसाहेबांना वाटलं लिलाव नको करायला, लोकांना लाज वाटेल. पण मंडळीतल्या म्हाताऱ्या आजीच उठल्या, म्हणाल्या, "काहून नाही? देवाचं हाय थे. बोला." आणि ती आंबाडीची जुडी दहापासून सुरू होऊन दोनशेवर गेली, घेणाऱ्यानं परत टेबलावर ठेवली, पुन्हा बोली लागली. जमलेले पैसे त्या दिवशी संध्याकाळीच एका घरी पोचवले जिथं मुलीची कॉलेजची फी अडली होती. ती मुलगी आता नर्सिंग करते.

सध्या आमच्या घरसभेच्या विनंत्यांमधे काय आहे ते सांगते. एका भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस. एका घराचा पीकविम्याचा दावा अडकलाय. दोन पोट्टे पोलीस भरतीची तयारी करताहेत, रोज पहाटे रस्त्यावर पळतात. एक सून माहेरी निघून गेली आहे, तिचं म्हणणंही कोणीतरी ऐकावं म्हणून आम्ही दोघी तिघी रविवारी जाणार आहोत. आणि रब्बीसाठी चना पेरायचा आहे, विहिरीला यंदा पाणी बरं आहे. तुमचं काही असेल तर खाली लिहा, नाव नाही लिहिलं तरी चालेल, बुधवारच्या वहीत टाकते.